दोन मीटरवरून दिसणारे गाव

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना वाटेत मोहाडी लागते. तालुक्याचे ठिकाण, पण फार मोठे नव्हे. गायमुख नदीच्या काठी चौंडेश्वरी देवीचे देऊळ, आठवडी बाजार, सभोवती धानाच्या बांध्या, आणि तालुक्यातच कोशाच्या कापडासाठी नावाजलेले आंधळगाव. मोहाडीच्या एखाद्या विद्यार्थ्याला कोणी सांगितले, "तुझ्या गावाची बारा छायाचित्रे काढून आण," तर तो काय करील? बहुधा देवळाचे शिखर टिपील, नदीवरचा सूर्यास्त टिपील, बाजाराची गर्दी एखाद्या गच्चीवरून टिपील आणि तासाभरात परत येईल. चित्रे सुरेखही असतील. पण तेवढ्या वेळात तो कोणाशी एक शब्दही बोललेला नसेल, आणि चित्रांतल्या एकाही माणसाचे नाव त्याला सांगता येणार नाही.

हल्ली प्रत्येक घरात फोन आहे आणि फोनमध्ये कॅमेरा आहे. चित्र काढणे सोपे झाले आहे. गाव पाहणे मात्र तितके सोपे झालेले नाही. या लेखात आपण प्रकाशाचे काही साधे नियम पाहू. ते नीट पाळायचे म्हटले तर गावातल्या माणसांशी बोलल्यावाचून गत्यंतर राहत नाही. ते कसे, ते पुढे कळेल.

वर्गाचाच कॅमेरा

कौलारू घरात दुपारी जमिनीवर पडणारे कवडसे तुम्ही पाहिले असतील. कौलांमधली फट तिकोनी असो की वेडीवाकडी, कवडसा मात्र गोल किंवा लंबगोल पडतो. असे का व्हावे? कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. सूर्याचा व्यास त्याच्या आपल्यापासूनच्या अंतराच्या सुमारे १/१०८ आहे. म्हणून ३ मीटर अंतरावरच्या बारीक छिद्रातून पडणारा कवडसा पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरतो. पट्टी घेऊन मोजून पाहा. ग्रहणाच्या दिवशी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे दिसतात. (सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून कधीही पाहू नका.)

म्हणजे कौलाखालचे प्रत्येक घर हा एक कॅमेराच असतो. शाळेतही तो करता येतो. रस्त्याच्या बाजूची एक खोली निवडा. खिडक्या-दारे पुठ्ठे व घोंगड्या लावून पूर्ण बंद करा. रस्त्याकडच्या पुठ्ठ्याला १ सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडा आणि आत दोन-तीन मीटरवर पांढरे धोतर ताणून धरा. उन्हाची वेळ असावी. पाच मिनिटे अंधारात डोळे सरावले की धोतरावर रस्ता उमटेल, तोही उलटा आणि डावे-उजवे बदललेला. सायकली वर चाके करून जातील, झाडे खाली लोंबतील. भोक मोठे केले तर प्रतिमा उजळ पण पुसट होते; लहान केले तर रेखीव पण अंधुक. कॅमेऱ्यातही असेच एका गोष्टीसाठी दुसरी सोडावी लागते.

समोरच्या टपरीवाल्या काकाजींना या खोलीत बोलावून आणा. त्यांची टपरी धोतरावर उलटी टांगलेली पाहिली की ते हसतील, आणि पुढे तुम्ही कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिलात तर तुमच्या हातात काय आहे हे त्यांना ठाऊक असेल.

गजबजलेला रस्ता रिकामा कसा?

१८३८ साली लुई दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचे खिडकीतून चित्र घेतले. चित्रात उंच घरे आहेत, झाडे आहेत, पण रस्ता जवळजवळ ओस! गाड्या, घोडे, माणसे कोणीच नाही. दागेरचा रासायनिक पत्रा प्रकाशाला इतका मंद प्रतिसाद देई की चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. जो चालत होता त्याचा ठसा कोठेच पुरेसा उमटला नाही. कोपऱ्यात एक माणूस मात्र दिसतो. तो बूट पुसून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून उभा राहिला होता. छायाचित्रात ओळखू आलेला जगातला पहिला माणूस म्हणून त्याचा उल्लेख करतात. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. बूट पुसणारा तर त्याच्याहूनही अस्पष्ट आहे.

आज ही अडचण उन्हात उरलेली नाही. ताशी १२ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे ३.३ मीटर जाते. कॅमेऱ्याची झडप १/१००० सेकंदच उघडी राहिली, तर तेवढ्यात ती ३ मिलिमीटरच्या थोडी पुढे सरकते आणि चित्र स्वच्छ येते. सायंकाळी झडप १/३० सेकंद उघडी ठेवावी लागली तर तीच सायकल ११ सेंटिमीटर सरकते आणि चित्र फराटल्यासारखे दिसते. दिवाळीनंतर आपल्या भागात गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार होते. तेथे दिव्यांच्या प्रकाशात नाचणाऱ्याचे हात चित्रात विरघळतात, पण कडेला मांडी घालून बसलेली म्हातारी माणसे रेखीव येतात. हा दोष मानू नका. कोण हलत होते आणि कोण स्थिर होते, हीही एक नोंदच आहे.

नाक मोठे का येते?

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. फोन अगदी चेहऱ्याजवळ नेऊन चित्र काढले की नाक मोठे आणि कान बारीक दिसतात. पुष्कळजण भिंगाला दोष देतात. वास्तविक दोष अंतराचा असतो. नाकाचे टोक कानाच्या सुमारे १२ सेंटिमीटर पुढे असते असे धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान ४२ सेंटिमीटरवर असतो. वस्तू जितकी दूर तितकी लहान दिसते. म्हणजे कानाच्या मानाने नाक ४० टक्के फुगलेले दिसणार. कॅमेरा २ मीटरवर नेला तर अंतरे २०० आणि २१२ सेंटिमीटर, आणि फरक उरतो फक्त ६ टक्के. माणूस माणसासारखा दिसतो.

मग दहा मीटरवरून, भिंगाने जवळ ओढून काढले तर? चेहऱ्याचे प्रमाण आणखी बरोबर येईल. पण तेथून त्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही, आणि आपण त्याला विचारलेलेही नसते. दोन मीटर हे अंतर मोठे गमतीचे आहे. नाक-कानांचे प्रमाण जेथे बरोबर येऊ लागते, तेथेच दोन माणसे आवाज न चढवता बोलू शकतात. म्हणून आमचे मत असे, की गावातल्या माणसाचे चित्र दोन मीटरवरूनच काढावे. "काकाजी, शाळेसाठी तुमचा फोटो काढू का?" असे आधी विचारावे. ते "नको" म्हणाले तर ते नकोच. लहान मुलांचे चित्र असेल तर त्यांच्या आईवडिलांना विचारावे. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा नदीच्या घाटावर आंघोळीच्या वेळी कॅमेरा काढू नये, हे मोहाडीच्या मुलांना सांगायला नको.

चित्र काढणारा आणि चित्रातला माणूस यांच्यात काय घडते याला महत्त्व आहे, हे आपल्या प्रांताच्या इतिहासातूनही दिसते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. युरोपात ही कला जाहीर झाल्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन याने शहरातल्या निरनिराळ्या समाजांची चित्रे घेऊन १८६३ व १८६६ मध्ये दोन खंड छापले. ते आज मौल्यवान ठरले आहेत. तरीही बारकाईने पाहणाऱ्याला एक गोष्ट खटकते. माणसांची चित्रे एकीकडे घेतलेली आहेत आणि मागचे देखावे दुसऱ्याच चित्रांतून आणून जोडलेले आहेत! चित्राखाली जातीचे किंवा धंद्याचे नाव येते. माणूस त्या प्रकारचा एक नमुना म्हणून उभा असतो. त्याचे घर, त्याचे अंगण आणि त्याचे नाव तिन्ही गळून पडली आहेत.

याच्या उलट वाटेने जाणारे काम आपल्या काळात चालू आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हे ग्रामीण जीवनाचे संग्रहालय सुरू केले. देशाच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या माणसांचे चेहरे तेथे साठवले जात आहेत, आणि चेहऱ्याखाली त्या माणसाचे नाव, काम आणि गाव लिहिलेले असते. तुम्हांला मोहाडीत याच पद्धतीने काम करता येईल, आणि त्यासाठी कोणाची वाट पाहावी लागणार नाही.

प्रकाश विणकरालाच विचारा

हातमागावर बसलेल्या विणकराचे चित्र काढायचे आहे असे समजा. बाहेर भर उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते. घरात मागाजवळ ती १०० लक्सही असू शकते. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण तो आपोआप जुळवून घेतो. १,००,००० चे निम्मे, त्याचे निम्मे, असे दहा वेळा करा. तुम्ही १०० च्या जवळ याल. म्हणजे बाकी सगळे तसेच ठेवले तर, जे चित्र बाहेर १/१००० सेकंदात होते त्याला आत पुरा एक सेकंद लागेल. तेवढ्या वेळात धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेलेला असेल. फोन स्वतःची संवेदनशीलता वाढवून हा वेळ कमी करतो, पण मग चित्रात वाळू सांडल्यासारखे कण दिसू लागतात. दिवा चमकवला तर कोशाच्या धाग्याची सगळी झळाळी मरते.

यावर उपाय कोणता? विणकरालाच विचारा, "मागावर चांगला उजेड केव्हा येतो?" त्याचे उत्तर कोणत्याही उपकरणापेक्षा अचूक असेल. तुटलेला धागा शोधून जोडणे हे त्याचे रोजचे काम आहे. त्यासाठी माग खिडकीच्या कोणत्या बाजूला मांडायचा, कौलांत काच कोठे बसवायची, याचा विचार त्याने किंवा त्याच्या वडिलांनी केलेला असतो. तुम्ही त्या वेळी पुन्हा जा. दुसऱ्यांदा गेलात की तुम्ही पाहुणे राहत नाही. फणी, धोटा, कांडी, ताणा यांची नावे तेव्हाच तुमच्या वहीत येतील, आणि ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या कोण वाढवतो, कोसा कोठून येतो, हेही कळेल. कांड्या भरणाऱ्या घरच्या बाईंचे चित्र घ्यायला विसरू नका. कापडामागचे त्यांचे श्रम चित्रांत सहसा दिसत नाहीत.

आणखी एक सूचना. आपल्या भागात झाडीबोली बोलली जाते. लोक ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहा. रोवणीच्या चित्राखाली 'पऱ्हे' आणि 'बांधी' हेच लिहा. पुस्तकी शब्द शोधत बसू नका. त्या वस्तूबरोबर तिचा शब्दही टिपला जातो.

सावली काय सांगते

मोहाडी सुमारे २१.३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेला आहे. यामुळे मोहाडीच्या छायाचित्रांत एक घड्याळ आणि एक पंचांग दडलेले असते.

२२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही सूर्य येथे क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो. ४५ अंशांच्या कोनात सावली वस्तूच्या उंचीइतकीच पडते, हे भूमितीतून तुम्हांला ठाऊक आहे. त्या दिवशी देवळाच्या सपाट पटांगणात शिखराची सावली मोजली तर शिखराची उंची विनासायास मिळते. फक्त मोजणी शिखराच्या बरोबर खालच्या बिंदूपासून करावी लागते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले १२ नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. मोहाडी सुमारे ७९.७ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणून येथे सूर्य सुमारे ११ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. डिसेंबरच्या त्या दिवसांत ही वेळ १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास असते.

वर्षाचा बहुतेक काळ मोहाडीत मध्यान्हीची सावली उत्तरेला पडते. मात्र २७ मेच्या सुमारास ती उभ्या वस्तूच्या पायाशी नाहीशी होते, मग दक्षिणेला झुकते, आणि १६ जुलैच्या सुमारास पुन्हा नाहीशी होऊन उत्तरेला येते. याचा उपयोग असा: एखाद्या घरी जुना फोटो मिळाला, त्यात मध्यान्हीची आखूड सावली दक्षिणेकडे पडलेली असली, तर तो या पन्नासेक दिवसांतलाच असला पाहिजे. दिशा कशी कळणार? त्यासाठी फोटोतली जागा ओळखावी लागते, आणि ती ओळखणारी माणसे गावातच असतात. चिंच तोडली गेली असेल, वाड्याच्या जागी दुकान आले असेल, पण एखाद्या आजी फोटोवर बोट ठेवून सांगतील, "हा पार बघ, येथून नदी दिसायची." तुमचे गणित आणि आजींची आठवण एकत्र आल्याशिवाय फोटोची तारीख लागत नाही.

जागा सापडली की तेथूनच नवे चित्र घ्या. बरोबर तीच जागा साधण्याची युक्ती अशी: जुन्या चित्रात एकामागे एक दिसणाऱ्या दोन स्थिर वस्तू शोधा, उदाहरणार्थ देवळाचा कोपरा आणि त्यामागचे घर. त्या दोन्ही पुन्हा तशाच जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. अशा दोन जोड्या जुळल्या की तुम्ही मूळ छायाचित्रकाराच्या पावलांवर उभे असता.

पुराची खूण

मोहाडी तालुक्यातून वैनगंगा वाहते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वरच्या भागातल्या अतिवृष्टीनंतर आणि धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे वैनगंगेला मोठा पूर आला आणि भंडारा जिल्ह्यात नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर भिंतींवर गढूळ रेघ राहते. दोन पावसाळे गेले की ती धुऊन जाते, किंवा दिवाळीच्या रंगाखाली झाकली जाते. पाणी कोठपर्यंत आले होते हे मग फक्त माणसांच्या आठवणीत उरते. पुढच्या पुरात धान्य कोणत्या उंचीवर ठेवावे, म्हाताऱ्यांना कोणत्या घरी हलवावे, हे त्या रेघेवरूनच ठरवायचे असते.

म्हणून नदीकाठच्या गावी तुमचे नातेवाईक असतील तर तेथे जा आणि घरातल्यांना विचारा. ते भिंतीवर बोट ठेवतील. बोट ठेवलेल्या स्थितीतच चित्र घ्या. शेजारी मोजपट्टी उभी धरा. तिचे शून्य घराच्या जोत्यावर असू द्या. कॅमेरा खुणेच्याच उंचीवर धरा. प्रयोगशाळेत मोजपात्रातले पाणी वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत का ठेवतात, ते आठवा. वरून किंवा खालून पाहिले तर वाचन चुकते. तीच चूक येथे चार-पाच सेंटिमीटरची होऊ शकते. एकाच गल्लीतल्या पाच घरांची अशी चित्रे मिळाली आणि पाचही माणसांनी दाखवलेली उंची एका पातळीत आली, तर ती पातळी भरवशाची. एकाचे बोट फार वर गेले तर त्याला खोटे ठरवू नका. त्याचे जोते इतरांपेक्षा खोल आहे का, हे आधी पाहा.

प्रत परत द्यायची

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे जेरोम हॅरिसन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांच्या प्रेरणेने १८९० साली हौशी छायाचित्रकारांनी वॉरिकशर या आपल्या परगण्याची पाहणी सुरू केली. नकाशावर चौकोन पाडून ते आपसांत वाटून घेतले आणि काढलेली चित्रे सार्वजनिक ग्रंथालयात ठेवली. मोहाडीच्या एका वर्गाला गावाचे असे दहा चौकोन करणे कठीण नाही. दोघादोघांनी एकेक चौकोन घ्यावा. महिन्याला चार चित्रे पुरेत. चारशे चित्रे काढणाऱ्याने सहसा कोणाशीच बोलणे केलेले नसते.

चित्र काढल्यावर ते संदेशातून पाठवले की काम झाले असे समजू नका. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने धाडलेले चित्र आकुंचित होते आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्याने लिहून ठेवलेली तारीख, वेळ व जागा पुसली जाते. मूळ चित्र निराळे जपून ठेवा, एक नक्कल शाळेच्या संगणकात आणि एक दुसऱ्या जागी. शिवाय प्रत्येक चित्राच्या कागदी प्रती काढा. ६ × ४ इंचांच्या प्रतीला १८०० × १२०० बिंदू पुरतात. साध्या फोनचे चित्रही याहून मोठे असते. एक प्रत चित्रातल्या माणसाच्या घरी स्वतः नेऊन द्यायची. प्रत हातात घेतल्यावर तो काय बोलतो ते ऐका, कारण चित्रातला मागचा माणूस कोण, भिंतीवरचे ते अवजार कशाचे, हे तेव्हाच बाहेर येते. मात्र ती प्रत उन्हाच्या भिंतीवर लावू नका असे त्यांना सांगा. उन्हाने रंग उडतात.

दुसरी प्रत शाळेच्या वहीत चिकटवायची. तिच्याखाली तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, माणसाचे नाव त्याची परवानगी असेल तर, आणि त्याने सांगितलेली माहिती त्याच्याच शब्दांत. खाली तीन-चार ओळी कोऱ्या सोडायच्या. ही वही शाळेच्या वाचनालयात टेबलावर ठेवावी आणि दोरीने एक पेन्सिल बांधून ठेवावी. कोऱ्या ओळी पुढे येणाऱ्यांनी भरायच्या आहेत.